तकलीफ, पाचपैकी किती

"आत्या, तिकडच्या लोकांना नोकरीची फारशी अडचणच नाही बघ," असं म्हणत अश्विनी परवा संध्याकाळी घरात शिरली आणि माझी तव्यावरची भाकरी करपली.

अश्विनी माझी भाची, भावाची मुलगी. एम.ए., बी.एड. आणि घरी. गेल्या महिन्यात तिला कुठल्याशा संस्थेचं तात्पुरतं काम मिळालं आहे. लोह्याच्या पलीकडच्या गावांत जायचं, नोकरी शोधणाऱ्या गरीब घरच्या मुलामुलींना गाठायचं आणि नोकरी मिळण्यात त्यांना काय काय आडवं येतं ते हातातल्या टॅबवर भरून घ्यायचं. प्रत्येक अडचणीला एक ते पाच गुण. एक म्हणजे अडचण नाहीच, पाच म्हणजे सगळ्यात मोठी. ती मोठ्या कौतुकाने मला पडदा दाखवत होती. जायला गाडी नाही, एक. कोणाची ओळख नाही, एक. पुढे शिकायला पैसा नाही, दोन. "सगळे एक नाहीतर दोनच म्हणतात. किती पॉझिटिव्ह आहेत ना लोक?"

मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि विचारलं, "त्या गावांची पैसेवारी लागली का गं?"

"ती काय असते?" एम.ए., बी.एड. मुलगी म्हणाली.

यंदा पावसाने पुन्हा दांडी मारली आहे. मृगात दोन सरी दाखवून जो गेला तो गेला. टीव्हीवर रोज कोणीतरी कोणाला तरी दुष्काळ जाहीर करायला सांगत असतं, आणि दुसरा कोणी अहवाल मागवलाय म्हणून सांगत असतो. आमच्या नांदेडात नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून मी सकाळपासून बादल्या मांडून बसलेली असते. अशा दिवसांत माझं डोकं तसंही ठिकाणावर नसतं, त्यात हे एक ते पाच.

हल्ली उठल्यासुटल्या गुण द्यावे लागतात. गॅसवाला सिलिंडर ठेवून पाठ वळवतो न वळवतो तोच फोन वाजतो, सेवा कशी वाटली. दाढ काढून दवाखान्यातून निघाले, अर्धं तोंड बधिर, तर काउंटरवरची मुलगी विचारते, पाचपैकी किती तारे. बँकेत तासभर ताटकळत ठेवतात आणि वर अभिप्राय मागतात. मी सगळ्यांना तीन देते. तीन दिले की कोणी पुढे काही विचारत नाही, हे मला अनुभवाने कळलं आहे. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याच्यापुढे जाऊन बसायचं आणि तुझा प्रश्न पाचपैकी किती मोठा ते सांग म्हणायचं, याला काय म्हणावं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि तेही आमच्या भागात, जिथे सरकारला आकडा कसा सांगायचा याची एक जुनी सवय लोकांच्या हाडात मुरलेली आहे.

पैसेवारी म्हणजे काही गूढ नाही. पीक उभं असताना तलाठी आणि चार मंडळी शिवारात येतात, पीक बघतात, थोडं कापून मोजतात आणि रुपयात किती पैसे पीक आलं ते ठरवतात. भरघोस आलं तर रुपयाला रुपया. पन्नास पैशांच्या खाली गेलं की सरकारदरबारी दुष्काळ. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. आता यातली मेख अशी, की आकडा जितका लहान तितकं संकट मोठं. लहान आकडा लागला तर सारा माफ होतो, टँकर येतो, पोरांची परीक्षेची फी सुटते, गावाजवळ काम निघतं. आकडा मोठा लागला की गाव तोंडघशी पडलं. म्हणून आमच्याकडे खांद्याला पिशवी अडकवलेलं कोणी येऊन कागद काढून "किती?" म्हणालं की माणूस आपसूक लहान आकडा सांगतो. तो खोटं बोलत नसतो. संकट मोजायचं माप त्याच्या डोक्यात तसंच बसलेलं असतं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. एका उन्हाळ्याने शिकवलं, आणि त्या उन्हाळ्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याची नवलाई ओसरली नव्हती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटलेल्या. कुठे स्वयंपाकाच्या ओट्यावर फायली रचलेल्या, कुठे न्हाणीत कपाट उभं केलेलं. खेड्यांच्या पाट्यांवर जि. उस्मानाबादवर पांढरा हात मारून जि. लातूर लिहिलं होतं, आणि उन्हाने त्या रंगाचे पोपडे निघाले की खालचं उस्मानाबाद पुन्हा डोकवायचं. नवा जिल्हा म्हणजे नव्या नोकऱ्या, असं प्रत्येकाने मनाशी धरलं होतं. शिपाई लागतील, कारकून लागतील, टायपिस्ट लागतील. दहावी झालेला प्रत्येक जण पँटीला इस्त्री करून लातूरला एक चक्कर मारून यायचा आणि कोणाला भेटलो ते पारावर सांगायचा. नेमकं त्याच वर्षी पावसाने तोंड फिरवलं.

मी बी.ए. होऊन घरी बसले होते. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललं होतं, शेजारी इंजिनियरिंग कॉलेज उभं राहत होतं, आणि वडील रोज जेवताना म्हणायचे, एवढी मोठाली कामं चाललीत, त्यात हिला एक टेबल मिळू नये? मिळालं नाही. मिळालं ते हे सर्वेक्षणाचं हंगामी काम, लोह्यापासून थेट चाकूरपर्यंत. म्हणजे बेकाराने उठून दुसऱ्या बेकाराला विचारायचं, का हो, बेकार का आहात? माझी आई म्हणाली, "घरात बसून बी हेच करून राहिलीस की. आता गावोगाव जाऊन कर."

आमचे साहेब शहरातून आलेले. माणूस वाईट नव्हता, हाच तर सगळा त्रास. वाईट माणसावर निदान ओरडता येतं. साहेब आम्हाला स्वतः चहा ओतून द्यायचे, अहोजाहो करायचे, उन्हात टोपी घाला म्हणायचे. त्यांनी मोठ्या मेहनतीने एक प्रश्नावली तयार केली होती. तिच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'रोजगारप्राप्तीतील अडसरांची उमेदवारास जाणवणारी तीव्रता'. हे मी पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा मला मध्ये श्वास घ्यावा लागला होता. अडसर. आमच्या घरी दाराला अडसर होता, चांगला जाड लाकडाचा. तो आतून लावतात. बाहेर उभ्या असलेल्याला फक्त दार लागलेलं दिसतं, अडसर किती जाड आहे ते आतल्यांना ठाऊक. आणि आम्ही निघालो होतो बाहेरच्यांना विचारायला. पण तेव्हा हे सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मला कोण विचारत होतं?

आम्हाला शिकवलं होतं ते एवढंच. प्रश्न आहे तसा वाचायचा. मध्ये आपलं काही घालायचं नाही. मान हलवायची नाही. चेहरा कोरा ठेवायचा. उत्तर येईल ते लिहायचं. आणि हे कशासाठी, तर एक मोफत वर्ग निघणार होता. टायपिंग, हिशेब, अर्ज कसा करायचा, मुलाखतीत कसं बोलायचं. वर्ग पुरा करणाऱ्यांची नावं नव्या जिल्ह्यातल्या भरतीला शिफारशीने जाणार होती. वर्ग एकच होता. जिथल्या लोकांच्या अडचणी सगळ्यात जास्त निघतील, तिथे तो उघडायचा. कागदावर याहून न्यायाचं काही असू शकत नव्हतं.

मग तो उन्हाळा. एसटीच्या खिडकीची कांब हाताला चटका द्यायची. सीटचं रेक्झिन पाठीला चिकटायचं आणि उतरताना सोलून निघाल्यासारखं वाटायचं. लोह्याच्या स्टँडवर रांजण होता, त्याच्या तळाशी वाटीभर पाणी आणि त्यात झाडाची दोन पानं. टँकर येणार असला की गावात मुलाखती मिळायच्या नाहीत, सगळे घागरी घेऊन रस्त्यावर. ढेकळांतून चालताना वहाणेचा अंगठा तुटायचा. आणि इतक्या सगळ्यात कडुलिंब मात्र बिनदिक्कत फुललेले. त्यांच्या खाली बसलं की तो कडवट गोड वास यायचा आणि मला कशाचीही लाज न वाटता तिथेच झोपून जावंसं वाटायचं. आजही लिंबाचा मोहोर नाकाशी आला की मला आधी प्रश्न क्रमांक एक आठवतो.

उत्तरं मात्र चमत्कारिक येत होती. लोह्याच्या अलीकडे एका गावात शेतकऱ्याचा मुलगा भेटला, बी.ए. झालेला, बापाची कोरडवाहू जमीन करणारा. लिंबाखाली ऐसपैस बसून त्याने मला सगळं सांगितलं. मुलाखतीला औरंगाबादला जाऊन आला, तिथे नाव आधीच ठरलेलं होतं. वशिला नाही. इंग्रजी येत नाही. बाप म्हणतो वावर कोण बघणार. मी विचारलं, वशिल्याची अडचण पाचपैकी किती? "एक लिवा," तो म्हणाला. इंग्रजीची? "एक." घरच्यांच्या विरोधाची? त्याने जरा विचार केला. "दोन," म्हणाला, आणि मग काळजीने माझ्या कागदाकडे वाकून, "लई जास्त तर न्हाई झालं?"

मला वाटलं, पोरगा माझी टिंगल करतोय. पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावी तेच. आधी पोटतिडकीने कर्मकहाणी सांगायची, डोळ्यांत पाणी आणायचं आणि मग म्हणायचं, लिवा एक. मी चेहरा कोरा ठेवून एक लिहीत होते. संध्याकाळी परतीच्या एसटीत मी स्वतःशीच चिडचिड करायचे. उन्हाने यांचं डोकं फिरलंय की माझं, तेच कळेनासं झालं होतं.

ते कळलं चाकूरच्या बाजूला, पाझर तलावाच्या कामावर. मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर उतरून बरंच आत चालत जायचं होतं. एसटी निघून गेली की पहिल्यांदा ऐकू यायचे ते हातोडे. दुष्काळी कामावर बायामाणसं खडी फोडत होती, आणि त्या पांढऱ्या दगडावरून ऊन उलटून डोळ्यांत शिरत होतं. दहावी झालेलं, नोकरी शोधणारं इथे कोणी आहे का, असं मी मुकादमाला विचारलं. त्याने हात केला. "ती बगा आमची टायपिष्ट."

ढिगावर बसलेल्या बाईने डोक्याला गुंडाळलेला पदर सोडला आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. "जय भीम, बाई."

"जय भीम," मी म्हणाले, आणि तिच्याच शेजारी दगडावर टेकले.

कांता तिचं नाव. लातूरला मामाकडे राहून दहावी केली होती, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली होती. मग लग्न. नवऱ्याने दुसरं घर केलं तशी ही आईकडे परत आली. आई पलीकडच्याच ढिगावर खडी फोडत होती. कांताला काय हवं होतं ते तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. नव्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत एक टायपिंगचं मशीन आणि समोर एक खुर्ची. सरकारी नोकरीला वयाची अट असते, आणि तिचं वय त्या अटीच्या अगदी काठावर आलं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही झालं तर झालं, नाहीतर मग अर्जच घेणार नाहीत.

"नाव नोंदवलंय ना?" मी विचारलं. तेव्हा सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कार्ड घ्यावं लागायचं, त्याशिवाय मुलाखतीचं बोलावणं यायचं नाही.

"नोंदवलं की. कवाच. पर तवा उस्मानाबाद हुतं ना आपलं. आता लातूरचे मनतेत, तिकडून वापस आना. तिकडचे मनतेत, तुमची फाईल लातूरला गेली. फाईल गेली, बाई. मी हितंच हाय."

हे प्रश्नावलीत कुठेच बसत नव्हतं. 'इतर' म्हणून बोटभर जागा होती, तिथे मी बारीक अक्षरात काहीतरी कोंबलं. मग ओळीने प्रश्न सुरू केले. प्रवास. ती म्हणाली, फाट्यापर्यंत चालत जावं लागतं, जलद गाड्या फाट्यावर थांबत नाहीत, संध्याकाळी लातूरहून परत येताना थांबणारी गाडी दिवस मावळायच्या आधीच निघून जाते, मामा गेल्यापासून लातुरात पाय टेकायला घर नाही. मी म्हणाले, मग प्रवासाची अडचण पाचपैकी किती?

"एक."

माझा कोरा चेहरा तिथे गळून पडला. "अगं, आत्ताच एवढं सांगितलंस ना? आणि एक?"

"मंग किती मनू? दोन?" तिचाही आवाज चढला. "दोन लिवलं आन तुमचे सायेब मनले, बराय की हितलं, मंग?"

"पाच म्हणजे जास्त अडचण. सगळ्यात जास्त."

"पाच मंजी रुपयाला रुपया." ती मला लहान मुलीला समजावून सांगावं तसं सांगत होती. "आनेवारी कमी लागली मनून तर हे काम निगालं. जास्त लिवलं की ह्यो हातोडा बी गेला. आनेवारीच लावून राहिलाव ना तुमी? नोकरीची?"

लोह्यापासून इथपर्यंतचे सगळे एक माझ्या डोळ्यांपुढून गेले. लई जास्त तर न्हाई झालं, असं विचारणारा तो पोरगा गेला. चेष्टा कोणीच करत नव्हतं. लोक जीव तोडून सांगत होते की आम्ही बुडालोय, आणि मी शिकवल्याप्रमाणे लिहीत होते की यांचं उत्तम चाललंय.

मी कांताला सगळं उलगडून सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग ती गंभीर झाली, मग म्हणाली, "मंग पयल्यापासून इचारा." मी पहिल्यापासून विचारलं. प्रवास, पाच. ओळख, पाच. कार्डाचं, पाचाच्या वर काही असंल तर ते. 'आत्मविश्वासाचा अभाव' हा प्रश्न आला तेव्हा मला तो वाचायची शरम वाटत होती. खडीच्या ढिगावर बसून टायपिंगचं स्वप्न बघणाऱ्या बाईला हे विचारायचं. तिने प्रश्न समजून घेतला आणि म्हणाली, "एक. तुमच्याकडचा एक. त्याची काय तकलीफ न्हाई मला." शेवटी आणखी एक प्रश्न होता. त्याच्याकडे मी येते, पण आधी साहेबांचं सांगते, नाहीतर हा राग घशातच अडकून राहील.

दुसऱ्या दिवशी मी लातूरच्या कार्यालयात, म्हणजे त्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात, साहेबांपुढे उभी राहिले आणि आणेवारीचं सगळं सांगितलं. साहेबांनी अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्या कांताबाईंना समजावून सांगितलंत?"

"हो."

"उत्तर दिल्यानंतर?"

"हो, कारण ते उलटं होतं."

"म्हणजे तुम्ही उत्तर सुचवलंत." त्यांनी हळहळत मान हलवली. "ती एक प्रश्नावली आपल्याला बाद करावी लागेल."

उलट्या सगळ्या ग्राह्य आणि सुलटी तेवढी बाद. मी म्हणाले, साहेब, सगळ्यांना परत जाऊन विचारू, मी फुकट जाते. ते म्हणाले, अहवाल महिनाअखेर पाठवायचाय. मी म्हणाले, निदान अहवालात एक ओळ लिहा. ते म्हणाले, कशाच्या आधारावर? तुमच्या एका मुलाखतीच्या? शिवाय आकड्यांत सातत्य आहे. गावामागून गाव तेच उत्तर येतंय. चुकीची उत्तरं अशी एकसारखी येत नसतात. मग त्यांनी चहा ओतला. "तुमची तळमळ मला कळते," असंही म्हणाले. तो चहा मी प्यायले नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम.

अहवाल गेला. दुष्काळी भागातले उमेदवार अडचणींकडे आश्चर्यकारक समाधानाने पाहतात, अशा अर्थाचं त्यात काहीतरी होतं. सगळ्यात जास्त अडचणी निघाल्या लातूर शहरात. तिथल्या कॉलेजच्या पोरांनी शिवार कधी पाहिलं नव्हतं, त्यांना गुण म्हणजे पेपरातले गुण माहीत, त्यांनी धडाधड पाच दिले होते. वर्ग लातुरात उघडला, कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, संध्याकाळच्या वेळेला.

माझं काम संपत आलं होतं तेव्हा कांता एकदा कार्यालयात आली. धुवट साडी, केसांना तेल, पायाला मात्र खडीची पांढरी धूळ तशीच. साहेबांना तिने एवढंच विचारलं, की वर्ग दुपारी घेता येईल का, नाहीतर रात्रीपुरती कुठे राहायची सोय होईल का. संध्याकाळी वर्ग केला तर फाट्यावर थांबणारी गाडी मिळत नाही. साहेबांनी तिला खुर्ची दिली, आपुलकीने ऐकून घेतलं, अहवालाची प्रत उघडली आणि पान शोधलं. "तुमच्या भागातून प्रवासाची अडचण जवळजवळ नोंदलेलीच नाही हो," ते म्हणाले. "नोंद असती तर मला वर काही मागता आलं असतं."

कांताने माझ्याकडे बघितलं. मी साहेबांच्या तोंडावर पुन्हा सगळं सांगितलं, या खेपेला ओरडूनच. पलीकडच्या खोलीतले दोघे दारात येऊन उभे राहिले. साहेब गोरेमोरे झाले, पण पान तेच राहिलं. कांता उठली. दाराशी थांबून ती म्हणाली, "सायेब, कवातरी पावसाळ्यानंतर या आमच्याकडं. आनेवारी लावताना बगा." मग तिला गाडी गाठायची होती, म्हणून ती निघाली.

ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, खडीचं काम बंद झालं आणि तिच्या वयाची अटही निघून गेली. बऱ्याच वर्षांनी ती मला लातुरात भेटली, एका डाळीच्या गिरणीबाहेर. तूर पाखडायचं काम करत होती. केस पिकायला लागले होते. मी टायपिंगचं विचारायला नको होतं, पण विचारलं. तिने शेजारच्या पोत्यावर दहाही बोटं ठेवली आणि न बघता काहीतरी भराभर टाइप केलं. "बोटं अजून चालत्यात," म्हणाली. काय टाइप केलं ते मी विचारलं नाही. त्या दिवशीही मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळलं नव्हतं. साहेबांवर काढावा तर ते बिचारे बदली होऊन केव्हाच गेले होते, आणि जाताना माझ्या चांगल्या कामाची शिफारस करून गेले होते. त्या शिफारशीवर मला पुढे नोकरी लागली. हेही मला सहन करावं लागतं.

हे सगळं मी अश्विनीला त्या करपलेल्या भाकरीसमोर सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिने लगेच तिच्या वरच्या माणसाला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण अश्विनीचं ऐकूनच समजलं. "नाही सर, खोटं नाही बोलत ते... हो, पण पैसेवारीमुळे... हो, सबमिट केलंय..." फोन ठेवून ती म्हणाली, "एकदा सबमिट केलेलं ॲप बदलूच देत नाही, नुसतं बघता येतं, आत्या. आणि सर म्हणतात, डेटा कन्सिस्टंट आहे."

सातत्य आहे. मी हसले की काय केलं कोण जाणे. इतकी वर्षं गेली, कागदाचा टॅब झाला, स्वयंपाकघरातल्या कचेरीची एसी झाली, आणि उत्तर अगदी तेच. अश्विनी मात्र ओठ आवळून बसली होती. सोमवारी परत जाते म्हणाली, वहीवर लिहून आणते, घ्यायचं तर घ्या म्हणते. "काम गेलं तर?" मी विचारलं. "गेलं तर गेलं. तसंही हंगामीच आहे." मी तिच्यासाठी धपाटे करून द्यायचं कबूल केलं.

आता तो शेवटचा प्रश्न. साहेबांच्या प्रश्नावलीत सगळ्यात खाली होता. येत्या वर्षभरात तुम्हाला नोकरी लागेल अशी कितपत आशा वाटते, एक ते पाच. कांताला मी तो विचारला तेव्हा उन्हं कलायला लागली होती, आणि तिची आई पलीकडून हाका मारत होती. मी आधीच सावध होते. म्हणाले, "नीट ऐक. एक म्हणजे बिलकुल आशा नाही. पाच म्हणजे पूर्ण आहे."

"कळलं की. ह्यात उलटं काय हाय?" तिने हातोडा उचलला, पदर पुन्हा डोक्याला गुंडाळला. "पाच लिवा, बाई. रुपयाला रुपया."

मी पाच लिहिले. तीच ती बाद झालेली प्रश्नावली.

"तुझ्या त्या टॅबवर असा काही प्रश्न आहे का गं, आशेचा वगैरे?" मी अश्विनीला विचारलं.

"आहे ना, शेवटी." तिने पडदा वर सरकवला आणि माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला. वर सगळे एक आणि दोन. आणि सगळ्यात खालच्या ओळीत पाच, पाच, पाच, गावामागून गाव, नावामागून नाव, पाच.

"हे तरी बरोबर आहे ना, आत्या?" तिने विचारलं.

"हे बरोबर आहे," मी म्हणाले, आणि तवा पुन्हा गॅसवर ठेवला.